पाठीचा डबा

आष्टा,
ता. १७ एप्रिल १९७७

चि. नाथाजीस थोरल्या भावाचा आशीर्वाद.

इकडे सगळे बरे. आईचा गुडघा धरलाय, पण तोंड चालू आहे. तुझी बदली झाल्याचं दुसऱ्यांकडून कळलं. दोन ओळी तू लिहिल्या असत्यास तर काय हात झिजले असते का रं?

हॉटेल चाललंय. मागच्या विहिरीला यंदा पाणी लय आहे, पोरं उड्या मारायला येतात. पण डबे द्यायचे मी बंद केलेत. आपल्या आबांनी घालून दिलेली रीत मीच मोडली. हॉटेलातला गोडेतेलाचा रिकामा डबा, तोंडाला कथलाचा डाग देऊन बंद केलेला, पोहायला शिकणाऱ्या पोराच्या पाठीला. आणि ज्या दिवशी डब्याबिगर पोहेल त्या दिवशी भज्यांची प्लेट फुकट. अर्धं गाव आपल्या डब्यांवर शिकलं. तूसुद्धा. आता पोरं म्हणतात, "डबा द्या की वं." मी सांगतो, डबेच न्हाईत. खोटं बोलतो.

परवा लग्नाला कडेगावला गेलो होतो. शालूबाईच्या माहेरी डोकावलो. तुला राग येईल, येऊ दे. तुझी बायको गोठ्यात रेडकू बांधत होती. गाठ मारली, ओढून बघितली. वर दुसरी मारली. मग तिसरी. तिची आई म्हणाली, "तीन वर्सं झाली, अशीच करती. काय बी बांधलं की धा येळा बघती."

नाथा, माझ्यानं तिथं उभं राहवेना.

तुझी बनू गेली त्या दिवशी तिच्या पाठीला डबा शालूबाईनं बांधला होता, हे गावाला माहीत आहे. गाठ सुटली म्हणून पोर बुडाली, असंच सगळे धरून चालले. तू रजेवर आलास, शालूबाईला म्हणालास, "तूच मारलीस माज्या पोरीला," आणि तिला कडेगावला सोडून पलटणीत गेलास. मी तिथंच उभा होतो.

गाठ सुटली नव्हती. बुडी मारून बनूला मी काढली, आणि गाठ मी सोडली. सोडताना माझं नख उखडलं इतकी ती घट्ट होती. डबा पाण्यानं भरला होता. तोंडाचा डाग उकलला होता. डाग दिल्यावर डबा हौदात दाबून बुडबुडे येतात का बघायचं, हे आबांनी किती वेळा बजावलं होतं! त्या दिवशी बाजार, गिऱ्हाईक खोळंबलेलं. मी न बघताच दिला. सगळे पोरीभोवती रडत होते तेव्हा तो पोत्यात घालून हॉटेलात आणला. दहावं झाल्यावर सांगू म्हणालो, मग वर्षश्राद्ध झाल्यावर. भ्यालो, दुसरं काही नाही.

कडेगावला हे सगळं शालूबाईला सांगितलं. ती ओरडली नाही. एवढंच विचारलं,

"म्हंजी दादा, माजी गाठ पक्की हुती?"

"व्हय."

बराच वेळ ती आपल्या हातांकडं बघत राहिली. मग म्हणाली, "तेस्नी लिवा. तुमच्या हातानं."

म्हणून लिहितोय. मला मारायला येणार असशील तर ये, मी कुठं पळून जात नाही. पण आधी कडेगावला उतर.

बनूचा चुलता,
जोतीराम