एसटीनं आलेली पऱ्हाटीची पानं

प्रिय बाबा,

...आणि शेवटी तुमची ती चूक मी सांगूनच टाकली! भर मीटिंगमध्ये, सगळ्यांसमोर. म्हणून आज लिहायला बसले. दुसऱ्या कुणाकडून कळण्याआधी मीच सांगते.

तुम्ही जाऊन तीन वर्षं झाली. मी आता कृषी सहायक आहे. तुमचंच काम, तुमचीच जाम फाट्याच्या पलीकडची गावं. आणि गाडी? तिचंही तसंच! अख्ख्या तालुक्याला एक जीप, आणि ती साहेबांच्या मीटिंगांना.

तुम्ही पण काय डोकं लढवलं होतं! सायकलनं सगळी गावं होईनात, तर शेतकऱ्यांना म्हणालात, कापसाच्या पऱ्हाटीची रोगट पानं पेपरात गुंडाळून सकाळच्या एसटीत द्या. कंडक्टर गजूभाऊ हिंगणघाटच्या स्टँडवर ओरडायचे, "साहेब, घ्या तुमची भाजी!" तुम्ही बाकावरच पानं बघायचात, चिठ्ठीवर औषध लिहायचात. चिठ्ठी परतीच्या गाडीनं गावात.

एकदा ती पुडकी घेऊनच मला शाळेत सोडायला आलात. मैत्रिणीनं विचारलं, "तुझे पप्पा भाजी विकतात का गं?" मी साधं 'नाही' पण म्हटलं नाही. सॉरी, बाबा. खूप उशिरा म्हणतेय.

वामनकाकांची पानं आठवतात? कडा लाल, वळलेल्या. तुम्ही लिहिलं, पिकाला अन्न कमी पडतंय, खत फवारा. त्यांनी फवारलं. पंधरा दिवसांनी तुम्ही सायकलनं तिथं पोचलात, वावरात एक पान उलटं केलं, तर खाली हिरवे तुडतुडे! पान तोडून गुंडाळताना ते उडून गेलेले. तुमच्यापर्यंत नुसतं पान आलं, रस शोषणारे किडे वावरातच राहिले. अर्धं पीक गेलं.

वामनकाका म्हणाले, "जाऊ द्या साहेब, तुम्ही का डोळ्यानं पाह्यलं होतं?" त्या दिवशी तुम्ही जेवला नाहीत. पण जीप मात्र मागितली नाहीत! का, बाबा? एकदा तरी भांडायचं ना ऑफिसात!

काल मीटिंगमध्ये मी जीपचा विषय काढला. साहेब हसले. "तुमच्या बाबांनी कुठं मागितली होती जीप? त्यांचीच पद्धत सुरू करू. पानं एसटीनं मागवा, तुम्ही आरामात ऑफिसात बसा." तुमच्यासोबत काम केलेले एक काका म्हणाले, "देवमाणूस होता! त्याचं कधी चुकलं नाई."

ऐकायला गोड वाटलं मला. तरी उभी राहिले. म्हटलं, "चुकलं होतं." आणि वामनकाकांचं सगळं सांगितलं.

ते काका म्हणाले, "काऊन वं पोरी, आपल्याच बापाची चूक सांगून राह्यली?"

"हो काका. त्यांना जीप असती तर ती चूक झालीच नसती."

साहेबांनी पेन खाली ठेवलं. मग म्हणाले, "लेखी द्या. कोणत्या दिवशी कोणतं गाव, सगळं."

दिलं, बाबा! आज सकाळीच. जीपसाठी मंगळवार आणि शुक्रवार मागितलाय. मिळेल की नाही, माहीत नाही. नाही मिळाला तर पुढच्या महिन्यात परत देईन, त्याच्या पुढच्या महिन्यात परत. कंटाळतील, पण देतील!

आणि तोवर एक प्रॉमिस. बसनं जाईन, कुणाच्या बैलगाडीवर बसेन, नाहीतर चालत जाईन, पण वावरात पाय ठेवल्याशिवाय औषधाची चिठ्ठी लिहिणार नाही. दोन गावं कमी झाली तरी चालेल.

फक्त आई कालपासून माझ्याशी नीट बोलत नाहीये. म्हणते, "गेलेल्या माणसाचं एवढं चांगलं नाव होतं, ते काऊन खराब केलं?" मला तर वाटतं, तुमची सगळ्यात खरी गोष्ट मी काल सांगितली. पण नाव तुमचं होतं, माझं नाही. माझ्या जागी तुम्ही असतात, तर गप्प बसला असतात का, बाबा?

तुमची,
मिनू