दोन रिंगा

दादा,

हे पत्र मी टाकणार नाही. पण तुझ्याशी बोलायला तोंड उघडत नाही, म्हणून लिहितेय.

लढाई सुरू झाली तेव्हा तूच म्हणालास, "तुझ्या नवऱ्याचं विमान माझ्याच हाताखाली तयार होतं. तो सुखरूप उतरला की मी दोन रिंगा देऊन फोन ठेवीन. तू उचलू नकोस." अठरा वेळा तू शब्द पाळलास.

एकोणिसाव्या वेळीही चार वाजता दोन रिंगा आल्या. मी अंघोळीचं पाणी तापत ठेवलं. चिमणी दारात जाऊन बसली, बाबा येणार म्हणून. पाच वाजले, साडेपाच वाजले. उतरूनही हा माणूस कुठे गप्पा छाटतोय, म्हणून मी त्याच्या नावाने बोटं मोडत राहिले. सहाला वर्दीतले दोघे आले. विमान तीन वाजताच पडलं होतं.

"धीरच झाला नाही गं," तू नंतर म्हणालास. "वाटलं, अजून थोडा वेळ तरी तू सुखात राहावीस."

सुखात? गेलेल्या नवऱ्याला मी दोन तास शिव्या घालत होते, दादा. त्याला पाडलं ते शत्रूने, त्यांचं कामच ते. तू तर माझा पाठीराखा, आणि तूच केसाने गळा कापलास.

आता विचारपूस करायला तू रोज फोन करतोस. करू नकोस. दुसरी रिंग वाजली की चिमणी अजून दाराकडे धावते.

तुझी (अजून हाच शब्द येतो),
धाकटी