उलट्या अक्षरातलं नाव

रामहरी,

मी पूर्णेला मावशीकडं चालले. कवा येईन ते सांगत न्हाई. भाकरी टोपल्यात हायत.

सकाळी गंगाखेडला पाण्याच्या मोटारीच्या दुकानात गेले व्हते. मालकानं आपण केलेला स्टार्टरचा सर्किट बोर्ड लय कौतुकानं दाखवला. "तुमच्या भावानं एकट्यानं मशीनवर काढलाय," म्हणाले. बोर्डाच्या कोपऱ्यात तांब्याच्या अक्षरांत तुझं एकट्याचं नाव. आपलं तर दोघांचं टाकायचं ठरलं व्हतं.

मशीन कुठली रे? कागदावरची छापील शाई तांब्याच्या पत्र्यावर उठवायला आपली जुनी इस्त्रीच. तिच्या टोकाला खड्डा हाय, म्हणून डाव्या कोपऱ्यातली रेघ तुटती आन् ती मी मार्करनं जोडते. त्या बोर्डावर माजी जोडलेली रेघबी तशीच हाय.

तुझ्यापेक्षा मला माजाच राग आला. शाई तांब्यावर सरळ उतरावी म्हणून कागदावर अक्षरं उलटी छापत्यात, म्हणून मी ती कधी वाचलीच न्हाईत. तू दिलेला कागद पत्र्यावर ठेवून, पाच मिनिटं सगळा जोर लावून इस्त्री दाबून, तुझं एकट्याचं नाव मीच उठवलं.

इस्त्री टेबलावर ठेवलीय. सुती कपड्याच्या खुणेवर लाव, तिच्यात पाणी घालू नको. नंतर कागद पाण्यात चांगला भिजल्याबिगर ओढू नको, रेघा निघून येत्यात.

नव्या ऑर्डरचे सहा कागद मी जायच्या आदी आरशापुढं धरून वाचले. वाटलं, ह्याच्यावर तरी माजं नाव असंल.

आता इस्त्री तूच फिरव.

अक्का