साबणदाणीचा तुकडा

प्रिय दहा नंबर,

या नावाने हाक मारायचा हक्क मला उरलाय की नाही, ठाऊक नाही. पाच वर्षांची असताना गाडीखालून मी कुठलाही पाना मागितला तरी तू दहा नंबरचाच हातात द्यायचीस, आणि लागत नाही म्हटलं की माझ्यावरच डाफरायचीस. गॅरेज मी गेल्या वर्षी बंद केलं. उजव्या डोळ्याला धुरकट दिसतं. प्लगची फट नुसत्या अंदाजाने बसवतोय हे कळलं, त्या दिवशी शटर ओढलं ते ओढलंच. तुला मात्र ‘बरा आहे’ एवढंच कळवत आलो. इंटरनेटवरच्या तुझ्या त्या बिल्ल्याच्या पानावर गेल्या महिन्यात तू लिहिलंस की आता घरी जायला काही कारण उरलं नाही, ते मी वाचलंय. त्याबद्दलच लिहायचंय, पण मला मुद्द्यावर यायला वेळ लागतो. तुझी आई म्हणायची ना, ह्यांना एक खिळा ठोकायचा तर आधी भिंत रंगवतील.

तर साबणदाणी. साध्या माणसाला परवडावी म्हणून काढलेली गाडी ती, म्हणून जे जे वगळता येईल ते कंपनीने वगळलं होतं. घड्याळ नाही, काच खाली करायला हँडल नाही, वायपर एकच आणि तोही ड्रायव्हरपुरता. इंजिन मागे, डिकी पुढे. गल्लीने चेष्टेने नाव ठेवलं आणि तुझ्या आईने ते हौसेने उचललं. तू जन्मलीस त्या वर्षी कंपनीने ही गाडी बनवायची बंद केली. तिथून पुढे तिचा एकेक भाग मी भंगारातून शोधला, नाहीतर लेथवर स्वतः काढला. आईला गाडी मी शिकवली असं मी सगळ्यांना सांगायचो, पण खरं तर ती माझ्याशी भांडून एकटीच शिकली. चढावर इंजिन कुरकुरलं की ती डॅशबोर्डवर थोपटायची आणि म्हणायची, चल बाई, झालंच आता. डाव्या दाराचा खालचा पत्रा सडला तेव्हा मी तेवढा भाग कापून नवा जोडला. कापलेल्यातला चांगला पत्रा तू मला टाकू दिला नाहीस.

परदेशी निघायच्या आठवड्यात त्याच पत्र्यातून तू माझ्याकडून बोटाएवढी गाडी कापून घेतलीस आणि तिला नंबर कोरलेला बिल्ला अडकवलास. तुमचा तो खेळ मला तेव्हा खुळचटपणाच वाटला होता. लोक पुलाखाली, झाडाच्या ढोलीत डबे लपवतात, दुसरे फोन बघत ते शोधतात, आत असा बिल्ला मिळाला तर उचलून पुढच्या डब्यात नेऊन ठेवतात आणि इंटरनेटवर त्या नंबराच्या पानावर तशी नोंद करतात. तू नोंदलेला उद्देश मला तोंडपाठ आहे. जग बघून घरी यायचं, आणि ज्या दारातून कापली त्या दाराला टेकवून फोटो काढायचा. ती पोहोचेल त्या दिवशी मी तिकीट काढीन, असं तू आईला म्हणालीस. आई म्हणाली, पत्र्याच्या भरवशावर पोरीला सोडतोय आपण. आपण तिघंही हसलो होतो.

पुढे आईला त्या पानाचं वेडच लागलं. एका ट्रक ड्रायव्हरने तुकडा आरशाला टांगून दोन सरहद्दी पार नेला. एका म्हाताऱ्या जोडप्याने त्याला लोकरीचा मफलर विणून बर्फात फोटो काढला. एका नर्सच्या कोटाच्या खिशात तो चार महिने पडून राहिला, तर तिने केवढी माफी मागितली होती. आई तुझ्या शाळेच्या नकाशावर पेन्सिलने टिंबं काढायची. शेवटची तीन टिंबं तिने दवाखान्यातल्या पलंगावर काढली.

आई गेल्यावर तू चार दिवस येऊन गेलीस. जाताना फाटकाशी म्हणालीस, बाबा, निदान गाडी तरी राहू द्या. मी हो म्हणालो. तीन आठवड्यांनी गाडी बाहेर काढायला गेलो, तर सीट तुझ्या आईच्या उंचीला पुढे ओढलेली. ती मागे सरकवायला माझा हात धजावेना, आणि त्याचा राग मी गाडीवर काढला. दुसऱ्याच दिवशी भंगारवाल्याला बोलावलं. त्याच्या यंत्राने साबणदाणीची चौकोनी वडी केली आणि मी उभा राहून पाहिलं. त्याच रविवारी तू फोनवर विचारलंस, इंजिन चालू करता ना अधूनमधून? मी म्हणालो, दर रविवारी. मग तू फोटो मागायला लागलीस आणि मी फोन उचलेनासा झालो. तू चिडलीस, रडलीस, शेवटी थांबलीस. तुझं काही चुकलं नाही.

आता खिळा ठोकतो. तीन वर्षांपूर्वी एका सायकलवाल्याने तुझा तुकडा आपल्या पेट्रोल पंपामागच्या डब्यात आणून ठेवला. घरापासून चालत वीस मिनिटं. मी त्याच दिवशी जाऊन तो घेऊन आलो. पण टेकवायला दार कुठे होतं? तू निरोप पाठवलास, बाबा, जाऊन बघता का? मी कळवलं, डबा रिकामा आहे. तोवर तो रिकामा झालाच होता. नंतर तू मला काही विचारलं नाहीस, पण पानावर लिहीत राहिलीस, ज्याच्याकडे असेल त्याने कृपा करून पुढे न्या, ती माझ्या बाबांच्या घराजवळ आली आहे. तुझं बोलणं मला तेवढंच ऐकू येत होतं. तुकडा दिला असता तर तेही बंद झालं असतं, म्हणून दिला नाही. अकरा वेळा लिहिलंस तू. बाराव्या वेळी लिहिलंस की हरवली असं धरते, आता घरी जायला कारण नाही. कारण माझ्या ड्रॉवरमध्ये होतं, पोरी, दहा नंबरच्या पान्याखाली. त्या नर्सने चार महिन्यांची माफी मागितली, मी तीन वर्षांची कुठल्या तोंडाने मागू? तुकडा या पाकिटात घातलाय. साबणदाणीचा एवढाच उरलाय. त्याला पुन्हा सोड, लोक चांगले असतात, नेतील पुढे. फक्त नवा उद्देश लिहिशील तेव्हा त्यात आपलं घर घालू नकोस. तो इथवर आला होता, मीच त्याला पोहोचू दिलं नाही.

काळ्या हातांचा, तुझाच,
बाबा