सुमनची बाजू

५ जानेवारी २००४, सोमवार

वर्गात निम्मे बाक रिकामे. पोरी आईबापांबरोबर उसाला गेल्यात, आता परीक्षेच्या तोंडावर उगवतील. उरल्यासुरल्यांतून आमच्याच कॉलेजात भरणाऱ्या वादविवाद स्पर्धेला दोघी निवडायच्या. विषय ठरलाय : ‘गर्भपाताचा निर्णय एकट्या स्त्रीचा असावा.’ एक पोरगी अनुकूल, एक प्रतिकूल. दोन्ही भाषणं लिहिणार मी, त्या पाठ करणार. दरसाल हेच. सकाळी एका बाजूनं पेटायचं, दुपारी दुसऱ्या बाजूनं. वकील तरी बरे, एका वेळी एकाचंच खातात.

संध्याकाळी सुमन, माझी धाकटी जाऊ, मेथी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, “अक्का, राहिलंय मला.” दोन महिने होत आले म्हणे. कीर्ती-पिंकीनंतर हे तिसरं.

तिला राहिलं की मला दर वेळी असंच होतं. मत्सर म्हणावा तर तो नाही. नुसतं हवंहवंसं वाटतं, इतकं की हातातलं काम सुटतं. मी म्हटलं, चांगलं झालं की गं.

“मला नको हाय,” म्हणाली, आणि काड्या वेगळ्या काढत राहिली.

७ जानेवारी, बुधवार

अनुकूल बाजू लिहिली. कायदा, आरोग्य, हक्क. कोरडी झाली. वाचताना मलाच जांभई आली.

प्रतिकूल मात्र एका बैठकीत. त्यात सु.चं वाक्य घातलं. कीर्तीच्या वेळचं. गच्चीवर पापड वाळत घालत होतो, हिला विशीही लागली नव्हती. एकदम माझा हात ओढून पोटावर ठेवला. “अक्का, आतून कुनीतरी दार वाजवायलंय.” मला ते कळलं. तळहाताला कळलं. आयुष्यात तेवढंच एकदा.

तर भाषणात लिहिलं : ‘आतून कुणीतरी दार वाजवतंय, आणि आपण कडी घालून बसलो आहोत.’ लिहून झाल्यावर रडू आलं. पन्नाशी जवळ आली तरी अक्कल येत नाही.

९ जानेवारी, शुक्रवार

मल्लिकार्जुनला, माझ्या दिराला, कळलं. खूश. पिंकीला खांद्यावर घेऊन दुकानभर नाचला. माणूस वाईट नाही, पोरींवर जीव टाकतो. पण जेवताना आवाज उतरवून यांना म्हणाला, “या बारीला तपासून घेऊ दादा. जिल्ह्याभायेर एक ओळखीचा हाय. बिनबोभाट काम.” यांनी वरण मागितलं. आमच्या घरात उत्तर द्यायचं नसलं की वरण मागतात.

नंतर भांडी घासताना सु. “ऐकलं न्हवं? पोरगी निगाली तर त्येंला नको. पोरगा निगाला तर मला नको म्हनता येत न्हाई. मंग मी कुटं हाय यात, अक्का?”

मी ताटं विसळत राहिले. डोक्यात भलतंच चालू होतं. रात्रभर तेच.

१० जानेवारी, शनिवार

बोलून टाकलं. तुळशीपाशी गाठून म्हटलं, “मला दे. पोरगी असो, पोरगा असो. तू फक्त… मी सगळं बघीन, बाळंतपणापासून.”

तिनं माझ्याकडे बघितलं. राग नव्हता, तेच वाईट.

“तुमाला द्यायला मला नऊ महिने लागतेत, अक्का.” मग म्हणाली, “पिंकीच्या येळेस रगत थांबंना, तुमी हुता की तितं. तुमाला ठावं हाय.”

“डॉक्टर चांगला बघू.”

“डॉक्टरचं न्हाई वो. तेवढंच आसतं तर भेले आसते आन झालं आसतं. मला नको वाटायलंय. सगळे इचारतेत, कावून, कावून. कारन सांगितल्याबगर नको म्हनताच येत न्हाई का बाईला?”

कपाटातलं बोंडलं काढून बघितलं. चांदीचं, बाळाला दूध पाजायचं. लग्नानंतर दुसऱ्या वर्षी यांनी आणलं होतं. आमचं भांड्यांचं दुकान, घरात येईल त्या भांड्यावर नाव कोरायची रीत. तेव्हा विचारलं होतं, नाव काय टाकू? मी म्हटलं, आल्यावर टाका. तसंच कोरं आहे. राखेनं पुसून ठेवलं.

१३ जानेवारी, मंगळवार

प्राचार्यांनी बोलावलं. विषय बदला म्हणाले. “गर्भपात शब्द नको, म्याडम. पालक काय म्हणतील? सध्या ते वातावरण आहे, तसं घ्या. स्त्रीभ्रूणहत्या.”

मी विचारलं, “मग अनुकूल बाजूनं कोण बोलणार? हत्येच्या बाजूनं?”

विचारात पडले. भला माणूस आहे, खरंच विचार करत होता. मग म्हणाले, “दोघींनाही विरोधातच बोलू द्या. जी जास्त चांगला विरोध करील तिला बक्षीस.”

बाहेर येऊन खूप हसले. मग हसू थांबलं. एक शब्द बदलला आणि अख्खी बाजूच गेली. सु.ला पोरगी नको असंही नाही, पोरगा हवा असंही नाही. तिच्या नकोला या विषयात जागाच नाही.

१७ जानेवारी, शनिवार

दिराचा महिला मेळावा ठरला, २४ ला. हळदीकुंकू, तिळगूळ, आणि ‘लेक वाचवा’. पुढल्या निवडणुकीत उभं राहायचं मनात आहे, नवा तालुका झाल्यापासून गल्लीगल्लीत पुढारी झालेत. वाण म्हणून स्टीलच्या वाट्या. दुकानात दिवसभर नाव कोरायच्या मशीनची घुर्रघुर्र. वाटीवर एका बाजूला ‘लेक वाचवा’, दुसऱ्या बाजूला ह्याचं नाव. ह्याचं नाव जरा मोठं.

“वैनी, तुमी कालेजच्या पोरींला लिवून देतासा, दिराला न्हाई का? चार वळी द्या. रडू आलं पायजे बायांला.”

प्रतिकूलचे कागद टेबलावरच होते. स्पर्धेत आता दोघींना नवी भाषणं लागणार, ते वायाच जाणार होतं. दिले. देताना मनात होतं, सु.ही ऐकेल. ऐकून कदाचित… हे इथं लिहून ठेवते. दुसरीकडे कुठं बोलायची सोय नाही.

२४ जानेवारी, शनिवार

मेळावा झाला. बाजाराच्या मैदानात मांडव, बायका मावेनात. म्हाताऱ्या जास्त, तरण्या सगळ्या उसाच्या फडावर. सु.ला जरतारी नेसवून स्टेजवर बसवलेली, हातात कुंकवाचा करंडा. मी पहिल्या रांगेत.

चांगलं बोलला. माझंच लिहिलेलं, पण त्याच्या तोंडी बसलं. मग थांबून, आवाज ओला करून : “मायबाई हो, आतून कुनीतरी दार वाजवायलंय…” मी ‘वाजवतंय’ लिहिलं होतं. त्यानं आपल्या बोलीत म्हटलं आणि ते होतं तसं, गच्चीवरचं झालं. कर्ण्यातून पार स्टँडपर्यंत गेलं असेल.

बायका डोळे पुसत होत्या. टाळ्या. क्षणभर मला बरं वाटलं, खोटं कशाला लिहू.

मग सु.कडे पाहिलं. ती माझ्याकडे बघत होती. उठायला सांगितलं तशी उठली, एकेकीला कुंकू लावायला लागली. माझी पाळी आली. बोट टेकवलं आणि पुढच्या बाईकडे वळली.

२५ जानेवारी, रविवार

पोरी झोपायला आल्या नाहीत माझ्याकडे. रोज दोन्ही बाजूंनी पाय टाकून झोपतात. पिंकी दारात येऊन उभी राहिली होती, आतून हाक आली, गेली.

दुपारी स्वयंपाकघरात दोघीच. म्हटलं, सुमे, चुकलं.

“ते माजं बोलनं हुतं. तुमच्या एकटीजवळचं. तुमी त्येंच्या हातात दिलं. आता माझ्याच तोंडानं मला गप करायलेत सगळे.” भाकरी थापत होती. थांबली नाही. “कीर्ती मला हवी हुती, अक्का. म्हनून दार वाजिवलेलं ग्वाड लागलं. हवं आसल्यावरचं बोलनं हाय ते. नको आसलेल्याला कावून लावलं?”

मी पिठाचा डबा तिच्यापुढं सरकवला. मराठीची प्राध्यापिका.

२८ जानेवारी, बुधवार

रथसप्तमी. पोरी नाहीत तर घर खायला उठतं. कपाटात बोंडल्याला हात लागला आणि मनात आलं, एवढ्या वर्षांत यात पाणीसुद्धा कुणी प्यालं नाही. एक बाळ. कुणाचंही. मांडीवर पाच मिनिटं जड होऊन झोपणारं. किती दिवस मागत राहायचं माणसानं, आणि कुणाकडे? आता तर जिच्याकडे मागितलं तीच बोलत नाही.

संध्याकाळी नळावर सु. आपणहून आली. घागर भरेस्तोवर बोलली. काल एकटीच एका डॉक्टरकडे जाऊन आली. “त्यो म्हनला, मेळाव्यात तुमीच कुंकू लावत हुता की. मालक लेक वाचवा म्हनतेत आन तुमी हितं? म्हनलं, पोरगी हाय का पोरगा मला ठावंच न्हाई डॉक्टरसायेब. मला तपासायचं न्हाईच. तर म्हनला, कुनाचा इश्वास बसंल? मालकाला घेऊन या.”

घागर उचलायला हात लावला. लावू दिला.

३० जानेवारी, शुक्रवार

स्पर्धा झाली. सहा कॉलेजं, सगळी एकाच बाजूनं. समोर कुणी नाही तरी पोरी बोटं रोखून, मुठी आवळून बोलत होत्या. आमच्या ज्योतीला ढाल मिळाली. परीक्षक म्हणाले, वादविवादाची परंपरा या मातीत जिवंत आहे.

मीही लेक वाचवाच म्हणते. पोटातलं पोरगी आहे म्हणून पाडतात त्यांना फटके द्यावेत, असंच माझं मत. पण म्हणून सु.नं कुठं उभं राहायचं?

घरी येऊन अनुकूलचे जुने कागद काढले. म्हटलं, तिच्यासाठी नीट लिहू, कुणी बोलो न बोलो. दोन तास बसले. ‘तिला नको आहे,’ एवढंच आलं. पुढं खोडाखोड. तिला नको, हे पुरेसं आहे, असं लिहायला गेले की पेन म्हणतं, मग तुझं काय?

पोरी आल्या झोपायला. पिंकीनं लाथ मारली बरगडीत. तशीच पडून राहिले, हलले नाही.

२ फेब्रुवारी, सोमवार

मल्लिकार्जुननं सांगून टाकलं, गुरुवारी जायचं तपासायला. गाडी ठरवली. नव्या मोबाईलवर मोठ्यानं बोलत होता. घरात रेंज येत नाही म्हणून ओट्यावर उभा राहून, अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असं. काय ते मात्र बोलला नाही, ‘ते काम’ म्हणाला.

सु. दुपारी कॉलेजवर आली. पहिल्यांदाच. पोरी बाहेर गेल्यावर बाकावर बसली.

“उद्या बीडला येता का सोबत? बाई डॉक्टर हाय, बाईचंच ऐकून घेते म्हनतेत. घरी सांगू तुमचं दाखवायचं हाय.”

माझं. एवढी वर्षं माझंच दाखवत आलोय सगळीकडे, कुणाला संशय येणार नाही.

“येते,” म्हटलं.

“एकच. जा बी म्हनू नका, थांब बी म्हनू नका. वाटंनं काईच बोलू नका.”

यांना सांगितलं, उद्या सुट्टी घेतेय, बीडला दाखवायला चाललेय. माझ्याकडे जरा जास्त वेळ बघितलं. मग म्हणाले, स्वेटर घेऊन जा, सकाळची गाडी गार असते. कळलं असेल? वरण मागितलं नाही, एवढं खरं.

३ फेब्रुवारी, मंगळवार. बीड, दवाखान्याच्या बाकावर

बसमध्ये जागा मिळाली. वाटेत ऊस भरलेला एक ट्रॅक्टर पुढं होता, गाडी हळू. बोलले नाही. जीभ दातांत धरून बसले होते म्हटलं तरी चालेल.

तिला तहान लागली. बाटली काढायला माझ्या पिशवीत हात घातला, आणि बोंडलं निघालं. सकाळी कसं टाकलं, का टाकलं, देवाशपथ सांगता येत नाही. मी न बोलता बोलले ते असं.

हातात घेऊन फिरवून बघितलं. नाव शोधत होती बहुतेक. नाहीये, हे कळल्यावर अंगठ्यानं त्या कोऱ्या जागेवरून पुसल्यासारखं केलं.

“लई जपलंय की, अक्का.”

रुमालात गुंडाळलं, गाठ मारली, परत ठेवलं. मग पाणी प्याली. माझ्या खांद्यावर डोकं टेकून झोपली ती स्टँड येईपर्यंत. तिचा भार खांद्यावर होता तोवर मला दुसरं काही नको होतं.

आता नाव पुकारलं. बांगड्या काढून माझ्याकडे दिल्या, कुणी सांगितलं नव्हतं तरी. उंबऱ्यात वळली.

“तुमच्या मनात काय हाय ते मला ठावं हाय. माझ्या मनातलं आत जाऊन सांगते, बाईला. पैल्यांदा कुनीतरी मलाच इचारनार हाय.”

ती काय सांगणार, मला माहीत नाही. बसमध्ये तिचा अंगठा त्या चांदीवर थोडा रेंगाळला होता. हे मी लिहिते आहे आणि लिहिताना स्वतःचीच लाज वाटते, कारण मी त्यातून अजून काहीतरी काढू बघतेय.

बाजूच्या बाईनं विचारलं, तुमची लेक का? हो म्हटलं.

दार आतून लागलंय. पांढरं, पत्र्याचं. बांगड्या डाव्या मुठीत आहेत, आवाज होऊ नये म्हणून घट्ट धरल्यात. दार वाजवायचं नाही, आज तेवढं जमवायचं आहे.