मोहोरबंद लिफाफा आणि माझी एक सही

तीर्थरूप दादांस,

धाकट्याचा वाकून नमस्कार. वहिनींचा गुडघा आता जिना चढू देतो का? तुमचा खोकला थांबला असेल अशी आशा आहे (थांबला नसेल तर औषध वेळेवर घेत नसणार, हे इथून सांगतो). देवाच्या कृपेने आम्ही सगळे बरे आहोत. म्हणजे तब्येतीने. फोन न करता पत्र लिहितोय, कारण आमच्या दोनच खोल्या. फोनवर बोललेलं आमच्या थोरल्या लेकीला शब्दन् शब्द ऐकू जातं, आणि जे सांगायचंय ते नेमकं तिच्यापासूनच लपवलंय.

परदेशातल्या विद्यापीठाने तिला एकदम तिसऱ्या वर्षात जागा देऊ केली, हे तुम्हाला ठाऊक आहेच. अट एवढीच, की तुमच्या गावच्या कॉलेजात तिने दोन वर्षांत मिळवलेले ऐंशी क्रेडिट त्यांनी मान्य करायला हवेत. नाहीतर पुन्हा पहिल्या वर्षापासून. "तसं झालं तर मी जाणारच नाही, बाबा," एवढंच ती म्हणाली आणि परत तो विषय काढला नाही. ती बोलत नाही तेव्हा मला जास्त भीती वाटते.

तर गेल्या महिन्यात कॉलेजात जाऊन मी तिच्या गुणपत्रकांचा लिफाफा आणला. हेडक्लार्क (तुमचेच शाळेतले बाकसोबती, अजूनही बोटाला थुंकी लावून कागद मोजतात) यांनी झाकणावर सही ठोकली, सहीवर शिक्का मारला आणि बजावलं, "हे तिकडचं ऑफिसच फोडणार. मध्ये कुणी फोडलंत तर आतली रद्दी समजा." मी मान डोलावली. इथपर्यंत माझ्याकडून काही चुकलं नव्हतं.

कुरिअरच्या खिडकीवर बसलेल्या मुलीने एक फॉर्म पुढे सरकवला. त्यावर छापलेलं, "आतील कागदपत्रे मी स्वतः तपासली असून ती यादीप्रमाणे आहेत." खाली सही. मी म्हटलं, मी तर तपासली नाहीत. ती म्हणाली, "काका, सगळे अशीच करतात." दादा, सव्वीस वर्षं मी कारखान्याचं भांडार सांभाळतोय; न मोजता एक खोकं फाटकाबाहेर सोडलं नाही. आणि आपले मास्तर काय म्हणायचे ते तुम्हालाही पाठ असेल: न वाचता केलेली सही म्हणजे देवाच्या पायावर हात ठेवून बोललेलं खोटं. मागे रांग चुळबुळत होती. मी लिफाफा उचलला आणि घरी आलो.

किटलीच्या वाफेवर धरून झाकण सोडवलं. अकरा कागद, यादीप्रमाणे. (व्यावसायिक नीतिमूल्ये या विषयात पोरीला पुरते दोन क्रेडिट आहेत. बापाने त्याच क्षणी तेवढेच घालवले.) आता फॉर्मवर सही करायला मोकळा झालो, पण तिकडच्या ऑफिसला न फोडलेला म्हणून फोडलेला लिफाफा देणं हे दुसरं खोटं. म्हणून चिकटवण्याआधी आत एक चिठ्ठी ठेवली: मी मुलीचा बाप, खात्रीसाठी लिफाफा मीच उघडला, कागद अकरा आहेत, एकही बदललेला नाही, मुलीला यातलं काही ठाऊक नाही. खाली माझा पत्ता आणि ईमेल. मग पिठाची खळ लावली, खिडकीवर जाऊन फॉर्मवर सही केली आणि लिफाफा रवाना केला.

तिकडच्या अधिकारी बाईंचं उत्तर आलं. एकोणीस वर्षांच्या नोकरीत अशी चिठ्ठी पहिल्यांदाच वाचली, प्रामाणिकपणाबद्दल मनापासून आभार. खाली दोन ओळी: हे कागद ग्राह्य धरता येणार नाहीत. नवा मोहोरबंद लिफाफा तीस तारखेपर्यंत पोचला नाही, तर जागा रद्द. इतक्या गोड शब्दांत मला आजवर कुणी बुडवलं नव्हतं.

थोरली बाहेर गेलेली पाहून घरातून विचारणा झाली, "चिठ्ठी टाकली नसती तर त्यांना कळलं असतं?"

"नसतं."

"मग?"

"मला कळलं असतं."

त्यावर आमच्या मंडळी उठून गॅसकडे वळल्या. तेव्हापासून आमटीत मीठ अंदाजाने पडतंय.

आज अकरा तारीख. उत्तर येऊन नऊ दिवस झाले. रोज सकाळी थोरली विचारते, "बाबा, पोचलं असेल ना?" मी म्हणतो, पोचलं. तेवढंच खरं बोलून गप्प बसतो. संध्याकाळी देवासमोर उभा राहतो आणि दिव्याची वात सारखी करण्यापलीकडे काही सुचत नाही.

वहिनींना नमस्कार, लहानांना जवळ घेतलंय असं समजावं.

तुमचा,
कागद मोजणारा धाकटा

ता. क. कामाचं राहिलंच. तुम्ही स्वतः हेडक्लार्कांकडे जा आणि दुसरा लिफाफा काढून तिथूनच पाठवा. माझ्या हाती नको. त्याला मुलीच्या सहीचा अर्ज लागतो. तिने सही केलेला एक जादा अर्ज परवा माझ्या चष्म्याच्या डबीखालीच सापडला; देव असा पावतो. सोबत जोडलाय. पहिल्या लिफाफ्याचं काय झालं असं ते विचारतील, तेव्हा काहीतरी सांगून वेळ मारून न्या. मला ते जमत नाही. आणि कुरिअरच्या फॉर्मवर डोळे मिटून सही करा.

ता. क. २. अर्ज आत घातला की नाही हे पाहायला हे पाकीट चिकटवून पुन्हा उघडलं. आहे.

ता. क. ३. मोठे काका, हे मी लिहितेय, थोरली. पत्र टपालात टाकायला बाबांनी माझ्याकडेच दिलं, आणि खळ अजून ओली होती. त्या बाईंनी ते उत्तर त्याच दिवशी मलाही पाठवलं होतं. बाबा स्वतः कधी सांगतात याची वाट बघत रोज विचारतेय. आता माझाच धीर सुटत चाललाय, म्हणून अर्ज सही करून त्यांच्या चष्म्याच्या डबीखाली मीच ठेवला. तेवढा लिफाफा आजच्या आज काढून पाठवा. आणि काका, कृपा करून उघडू नका. तुम्हीही त्याच मास्तरांच्या हाताखाली शिकलात.