गंजाखालचा फिरोजी

२ फेब्रुवारी १९९२, रविवार

जीप परत आली! अकरा महिन्यांनी. प्रताप स्वतः चालवत घेऊन आला. "सर्व्हिसिंग करून दिली बरं का. खालून नवा काळा रंगपण मारला." चहाला थांबला नाही.

युनियनच्या कामाला नेली होती. भोपाळ, मंत्र्यांच्या भेटी, निवेदनं. मिलला टाळं लागलं तेव्हा ज्याला जे जमेल ते त्याने दिलं. मी गाडी दिली. बाबांनी महूला फौजेच्या लिलावात घेतलेली, चारही चाकांना जोर असलेली. प्रतापला नाही म्हणायचा प्रश्नच नव्हता. शाळेत एका बाकावर होतो. आता सगळे त्याला प्रतापराव म्हणतात, नेता म्हणतात. मी प्रतापच म्हणतो.

मिल उघडेपर्यंत मानपुरच्या रस्त्यावर सवाऱ्या न्याव्यात असं मनात आहे. सुलोचना हसली. "सवाऱ्यांना आवाज कोण देणार? तुम्ही तर भाजीवाल्यालासुद्धा अहो-जाहो करता."

४ फेब्रुवारी

क्लच दाबला आणि टाचेखालचा पत्रा फाटला. भोकातून रस्ता दिसत होता.

५ फेब्रुवारी

अन्नपूर्णेच्या देवळाजवळच्या शाम मेकॅनिककडे नेली. तो पोतं टाकून खाली सरकला. स्क्रू-ड्रायव्हरने ठोकत गेला. एके ठिकाणी स्क्रू-ड्रायव्हर मुठीपर्यंत आत गेला.

"भिया, ये काला रंग तो अभी का है. गंज के ऊपर ही पोत दिया. इसने तो खारे पानी में नौकरी करी है कहीं. बंबई गई थी क्या?"

मी म्हणालो, भोपाळ.

"भोपाल में समंदर कब आया? मेरे को तो किसी ने नी बताया!"

दुकानातले सगळे हसले. मीही.

चासीची, खालच्या सांगाड्याची, एक आडवी पट्टी वाकली आहे. कशावर तरी जोरात आपटली आहे, शाम म्हणतो. वेल्डिंग तो करेल, पण आधी सगळा गंज खरवडायला हवा. "वो आप ही कर लो. टेम तो है आपके पास."

खरं आहे. टेम आहे.

७ फेब्रुवारी

दिवसभर गाडीखाली. चाकांखाली विटा, पाठीखाली पोतं, हातात तारेचा ब्रश. आधी काळा रंग निघाला. मग गंज, पापुद्र्यांनी. तोंडावर पडत होता.

चासीच्या दुमडीत, ब्रश पोचत नाही तिथे, गंजाखाली दुसरंच काही चिकटलेलं होतं. ओलं बोट फिरवलं. बोट फिरोजी झालं.

साबणाने रंग गेला नाही.

हा रंग मी ओळखतो. अठरा वर्षं रंगखात्यात कारकून आहे. कापडावर रंग धरायला मीठ लागतं, पोत्यांनी. तिथली फरशी कायम ओली आणि खारी. हातगाड्यांची चाकं दरवर्षी गंजून जात. नव्या चाकांचं मागणीपत्र मीच लिहीत असे.

भोपाळच्या रस्त्यावर अशी फरशी नाही. ती मिलच्या आत आहे. आणि मिलला गेल्या वर्षीच्या जानेवारीपासून टाळं आहे. एकाही माणसाला आत सोडत नाहीत. आमची जीप आत गेली होती.

८ फेब्रुवारी

रंगलेल्या बोटाचा डावा हात मांडीखाली ठेवून जेवलो.

१० फेब्रुवारी

गेटवर गेलो. आमचे लोक रोज दहाला येऊन सतरंजीवर बसतात. आत काही हलू नये म्हणून राखण.

रामभाऊंनी बाजूला घेतलं. तीस वर्षं रंगाच्या टाकीवर उभा राहिलेला माणूस. राजीनाम्याच्या फॉर्मची शेवटची तारीख १५. जो सही करेल त्याचा हिशेब होऊन पैसे मिळतील. जो करणार नाही त्याने कोर्टात जावं, अशी नोटीस आहे.

"प्रतापराव म्हणतात, सही केली म्हणजे मिल आपल्या हाताने बंद केली. होली तक भोंगा बजेगा, असं म्हणतात. पण आम्ही रंगखात्याचे सत्तर जण तुमच्याकडे बघून आहोत, बाळकृष्णजी. तुम्ही शिकलेले. आप जो करोगे, वही हम."

म्हणालो, प्रतापला विचारून सांगतो.

१२ फेब्रुवारी

सकाळी स्नेहलतागंजला, प्रतापच्या घरी. तो पेपर वाचत होता. मी बोट पुढे केलं. अजून फिकट फिरोजी आहे.

त्याने पेपरची घडी घातली.

"तू गाडीखाली कशाला शिरलास रे? कारकून माणूस तू."

विचारलं, आत काय उरलंय?

"भिंती."

यंत्रं मालकांनी पावसाळ्यातच हलवली. मागच्या फाटकाने. टाक्या उपटल्या तेव्हा सगळं रंगाचं पाणी फरशीवर आलं. जड सामान आमच्या जीपने ओढलं. त्यातच ती नालीत उतरली, आपटली. हे त्याने हवापाण्याबद्दल बोलावं तसं सांगितलं.

"मग आम्ही गेटवर कसली राखण करतोय?"

"लोकांना बसायला जागा लागते, बाळू. मागच्या फाटकाकडे कोणी यायला नको होतं."

त्याला काय मिळालं ते विचारलं नाही. त्याच्या बायकोने पोहे आणून ठेवले. वर शेव. मी खाल्ले! का खाल्ले?

म्हणालो, मी लोकांना सांगणार.

"सांग ना. बिंदास सांग. पण गाडी कोणाच्या नावावर आहे? नंबर कोणाचा? मी कुठे कागदावर आहे? लोक आधी तुझ्याच दारात येतील."

दारापर्यंत सोडायला आला. खांद्यावर हात ठेवला. शाळेत ठेवायचा तसाच.

१३ फेब्रुवारी

सुलोचनाला सगळं सांगितलं. तिने निवडायला घेतलेलं तांदळाचं ताट खाली ठेवलं. मग म्हणाली, "तो गाडी मागायला आला तेव्हा त्याने पुरतं मागितलंसुद्धा नव्हतं. त्याआधी तुम्ही किल्ली काढून दिलीत."

थोड्या वेळाने — "आज जा. उभे राहा आणि सांगा. दोन वाक्यं आहेत फक्त."

गेलो. प्रतापचं भाषण चालू होतं. "हमारी मशीनें अंदर हमारी राह देख रही हैं!" टाळ्या पडल्या. रामभाऊंनी माझ्याकडे पाहिलं.

मीही वाजवल्या.

घरी आल्यावर सुलोचनाने विचारलं. उद्या, म्हणालो.

१४ फेब्रुवारी

जीप शामकडे. नेण्याआधी दुमडीतला सगळा फिरोजी पटाशीने खरवडून काढला. दोन तास लागले. कण न् कण.

शामने नवा पत्रा जोडला, वाकलेली पट्टी तापवून सरळ केली, वर रेड ऑक्साइडचा लाल रंग. "लो भिया. अब कोई नी पूछेगा कहाँ गई थी."

गेटवर गेलो नाही. सुलोचना बोलत नाही.

१५ फेब्रुवारी, शनिवार

अकराला मिलच्या बाहेरच्या ऑफिसात जाऊन राजीनाम्यावर सही केली. गेटवरून न दिसणाऱ्या, पोस्टाकडच्या दाराने गेलो, त्याच दाराने बाहेर आलो. वळसा घालून गेटवर पोचलो तर रामभाऊ उभेच होते. "क्या करना है, बाळकृष्णजी? चारला खिडकी बंद होते." म्हणालो, मी नाही केली. ते सतरंजीकडे वळले. "बैठो रे सब, बैठो. बाळकृष्णजी ने भी नी करी."